अनुराधेजवळचा तारा आणि भिंगाची दुर्बीण



सन १८४२ मध्ये पुण्यात एक खासगी वेधशाळा उभी राहिली. ती कोणा संस्थानिकाची नव्हती आणि सरकारचीही नव्हती. कंपनी सरकारच्या बॉम्बे इंजिनियर्स दलातील विल्यम स्टीफन जेकब या अधिकाऱ्याने ती केवळ स्वतःच्या आवडीसाठी उभारली होती. डॉलंड यांच्या लंडनमधील कारखान्यात घडलेली भिंगाची पाच फुटी दुर्बीण हे तेथील उपकरण. पाच फूट हे नळीचे माप. भिंग त्या मानाने लहानच. एवढ्या सामग्रीवर जेकब यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली.

सन १८४७ मध्ये त्यांनी वृश्चिक राशीतील ‘न्यू’ हा तारा दुर्बिणीत धरला. विल्यम हर्शल यांना त्या जागी दोन तारे दिसले होते. जेकब यांना त्यांतील मंद ताऱ्याचेही दोन भाग झालेले दिसले. त्याच सुमारास अमेरिकेत सिनसिनाटी येथे मिचेल यांनाही हे दृश्य दिसले. परंतु त्यांच्या हाती लोकवर्गणीतून आणवलेली अकरा इंची भव्य दुर्बीण होती. पुढे शिकागोच्या बर्नहॅम यांनी उरलेल्या तेजस्वी ताऱ्याचेही दोन भाग दाखवले. हे बर्नहॅम न्यायालयात लघुलेखनाचे काम करीत आणि रात्री घरच्या सहा इंची भिंगाच्या दुर्बिणीशी बसत. आजच्या अभ्यासाप्रमाणे त्या एका ठिपक्यात सात तारे आहेत.

लहान भिंगाला पुण्यात हे यश का मिळाले, याचे एक कारण भूगोलात आहे. हा तारा लंडनहून पाहिला तर फार तर १९ अंश वर येतो. क्षितिजालगतच्या हवेच्या जाड थरात त्याचे बिंब थरथरत राहते. पुण्यात तो ५२ अंशांपर्यंत चढतो आणि जबलपुरात ४७ अंशांपर्यंत. कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला वसलेल्या या शहराला दक्षिण आकाशाचे हे दान मिळालेले आहे, आणि त्याचा लाभ घेणारे घर येथे क्वचितच आढळते.

भिंगाच्या दुर्बिणीचा इतिहासही हौशी माणसांनीच घडवला. एकेरी भिंगातून येणाऱ्या प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या अंतरांवर एकवटतात आणि ताऱ्याभोवती रंगीत झालर उमटते. या दोषाला उपाय नाही असे मानून न्यूटन आरशाच्या दुर्बिणीकडे वळले. उपाय शोधला तो चेस्टर मूर हॉल या वकिलाने. क्राऊन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडून त्याने रंगदोष बराचसा मारला. १७५८ मध्ये त्या रचनेचा एकाधिकार मिळवला जॉन डॉलंड यांनी, आणि त्यांचा मूळचा व्यवसाय होता रेशीम विणण्याचा! जेकब यांची दुर्बीण याच घराण्याच्या कारखान्यातली.

आज आरशाची दुर्बीण त्याच किमतीत अधिक मोठी मिळते, ही गोष्ट खरी. अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिका पाहण्याची ओढ असेल त्याने तीच घ्यावी. परंतु भिंगाच्या दुर्बिणीची नळी बंद असते, तिचे भिंग सहसा जागचे हलत नाही, आणि गच्चीवर नेऊन अर्ध्या तासात ती कामाला लागते. शिवाय चंद्राची विवरे, गुरूचे चार उपग्रह, शनीचे कडे आणि जोडतारे यांना शहरी दिव्यांचा फारसा उपद्रव होत नाही. शहरातील कुटुंबासाठी म्हणूनच तीन इंची भिंग ही उत्तम निवड ठरते.

खोक्यावर छापलेल्या ‘पाचशे पट’ या आकड्याला मात्र पालकांनी भुलू नये. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडचे विवर्धन सहसा व्यर्थ जाते. म्हणजे तीन इंचांना दीडशे पट पुष्कळ झाले. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन निघते. नऊशे मिलिमीटरच्या दुर्बिणीला पंचवीसची नेत्रिका छत्तीस पट देते, सहाची नेत्रिका दीडशे पट. हा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येतो आणि तो त्यानेच करावा. पैसे उरलेच तर ते तिवईवर खर्च करावेत. डगमगणाऱ्या तिवईवर उत्तम भिंगही निरुपयोगी असते, आणि अनेक घरांतील दुर्बीण महिन्याभरात कपाटावर जाते ती बहुधा याच कारणाने. खरेदीपूर्वी एखाद्या हौशी मंडळाच्या दुर्बिणीतून पाहून घ्यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून या कामात आहे.

दोन धोके गंभीर आहेत. भिंगाच्या पुढच्या तोंडावर खास सौरगाळणी बसवल्यावाचून दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाते. दुसरा धोका पावसाळ्याचा. बंद खोक्यात ओल साचली की भिंगावर बुरशीची जाळी पसरते आणि काचेला कायमचे व्रण पडतात. जुलै ते सप्टेंबर दुर्बीण कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, आणि भिंग रुमालाने पुसण्याचा मोह आवरावा.

दुर्बीण घेतल्यावर काय करावे, याचे उत्तर जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांच्या आयुष्यात सापडते. प्रवेशिका परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि कोषागारात नोकरीला लागले. १९१२ मध्ये त्यांनी इंग्लंडहून तीन इंची भिंगाची दुर्बीण मागवली. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात प्रकटलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. मग १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवून अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवली. त्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची भिंगाची दुर्बीण धाडली. ती पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. परीक्षेतील अपयशावरून मुलाचे भवितव्य ठरवणाऱ्यांनी ही हकीकत सवडीने वाचावी.

नोंद लिहिण्याला किती मोल असते, हे जेकब यांच्या चुकीतूनही कळते. पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख असताना, १८५५ मध्ये, त्यांनी भुजंगधारीतील ‘७०’ क्रमांकाच्या जोडताऱ्याभोवती एक अदृश्य ग्रह असावा असे प्रतिपादन केले. ते टिकले नाही. परंतु आकडे कागदावर होते म्हणूनच इतरांना ते तपासता आले. १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याजवळ नवी वेधशाळा उभारण्यासाठी, नऊ इंची भिंग मिळवून, ते पुन्हा भारतात आले आणि आठवड्याभरातच पुण्यात निवर्तले.

त्यांचा ‘न्यू’ तारा जबलपूरच्या आकाशात मे-जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असतो. मात्र दिवसभर तापलेली गच्ची तेव्हा उष्णता सोडत असते व चित्र उकळल्यासारखे हलते. मार्चमधील पहाटे साडेचारची वेळ अधिक चांगली. ज्येष्ठेच्या उजवीकडे अनुराधेचे तीन तारे ओळीत दिसतात. त्यांतील सर्वांत वरचा घ्यावा. तो स्वतःच सुंदर जोडतारा आहे. त्याच्या डावीकडे दीड अंशावर, म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारे तिप्पट अंतरावर, ‘न्यू’ आहे. छत्तीस पटीत त्याचे दोन ठिपके दिसतात, एकमेकांपासून ४१ विकलांवर. मग सहाची नेत्रिका लावून मंद ठिपक्याकडे काही मिनिटे पाहत राहावे. हवा क्षणभर स्थिरावली की त्याचे दोन होतात.