चित्रफीत कुठे थांबवली?



मंडळाच्या वर्धापनदिनी बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आभारी आहे. मी काही व्याख्याती नव्हे. सातवीला विज्ञान शिकवणारी एक साधी शिक्षिका. तेव्हा वर्गात मोबाइलवरच्या चित्रफिती दाखवाव्यात की नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या एका फजितीनेच देते.

चंद्राच्या कलांचा धडा होता आणि तपासायच्या वह्यांचा ढीग पडला होता. यूट्यूबवर मराठीतली एक सुबक चित्रफीत सापडली. तिची सुरुवात तेवढी पाहिली, वर्गातल्या पडद्यावर ती लावून दिली आणि मी वह्या घेऊन मागच्या बाकावर बसले. मुले अगदी चिडीचूप! त्या शांततेलाच मी शिकवणे समजले.

आठवड्याने एक मुलगी उभी राहिली. "बाई, काल शुद्ध अष्टमी होती. दुपारी चारला अर्धा चंद्र वर होता, सूर्यही होता. मग मध्ये पृथ्वीची सावली कशी आली?"

"सावली कोणी सांगितली?" मी विचारले. साऱ्या वर्गाने पडद्याकडे बोट दाखवले.

घरी जाऊन फीत शेवटपर्यंत पाहिली. चौथ्या मिनिटाला निवेदक खरोखरच सांगत होता, की पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र अर्धा दिसतो. अहो, ते चंद्रग्रहणाचे कारण! एरवी चंद्राची सूर्याकडची बाजू उजळलेलीच असते. तिचा किती भाग आपल्याला दिसतो, त्यावर कला ठरते. चूक निवेदकाची खरी. पण चाळीस वह्यांत ती माझ्या सहीनिशी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाची क्षमा मागितली. खिडक्या लावून एक दिवा पेटवला, पाचपाच मुलांत एकेक चेंडू दिला. तो हात लांब करून डोक्याहून जरा उंच धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचे. चेंडूवर कोर, अर्धा, पौर्णिमा उमटत गेली. मग तीच फीत लावून चौथ्या मिनिटाला थांबवली आणि विचारले, "हा चुकला कुठे?" काय गलका झाला म्हणून सांगू!

म्हणून चित्रफीत नकोच, असे मी म्हणणार नाही. ज्वालामुखीचा उद्रेक मी खडूने कसा दाखवणार? पुण्याच्या आयुका संस्थेत असताना अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या फिती केल्या. त्या थोडक्यात संपतात आणि मुलांचे हात शिवशिवू लागतात, म्हणून मला फार आवडतात. सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वर पाठ्यपुस्तकाला धरून केलेल्या फिती आहेत. पण कोणाचीही असो, आदल्या रात्री मी ती पुरी पाहते. एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती सोय आधी बंद करते. मध्येच कसली जाहिरात उपटेल याचा नेम नसतो, त्यासाठी हात बटणाजवळ ठेवते. करणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने शिकवण्यापुरती मोकळीक दिली आहे. दुसऱ्याची फीत आपल्या नावावर खपवायला नव्हे.

आपल्यात आया-आज्या पुष्कळ आहेत, त्यांना एक विनंती. मूल घरी येऊन "आज बाईंनी व्हिडिओ दाखवला" म्हणाले, तर "कुठे थांबवला होता?" एवढे विचारा. "कुठेच नाही" असे उत्तर आले, तर पुढच्या पालकसभेत बाईंना अवश्य गाठा. मलासुद्धा.