हाताने शिकलेले तंत्रज्ञान



तंत्रज्ञान केवळ व्याख्यानाने शिकविता येते काय, हा प्रश्न व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विचारणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु ज्या सोलापुरी चादरीची कीर्ती मागावर उभी राहिली, तिच्या गावाला हा प्रश्न परका नाही. तुटलेला धागा जोडण्याची विद्या येथे कोणी फळ्यावरून शिकले नाही. कांडी भरता भरता, जाणत्याच्या शेजारी उभे राहून ती शिकली गेली. मग त्याच घरातले मूल शाळेत आले की आपण त्याला हाताची घडी घालून का बसवितो?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लीव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी गेले व १९८३ साली त्यांनी तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेली मुले तेथे अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करून शिकू लागली. त्याच विचारातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रमही तयार झाला.

अशा वर्गात काय घडते? समजा, चार मुलांनी टेबलाची लोखंडी चौकट करावयाची आहे. २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड अँगलचे वजन मीटरला सुमारे १.१ किलो, आठ मीटर लागला तर नऊ किलोच्या आसपास. मग लोखंडाचा भाव, वेल्डिंगचे रॉड, मजुरी. चौकट काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही कर्ण मोजून ठरते. पुस्तकात जो कर्ण गुणांपुरता असतो, तो येथे टेबल सरळ की तिरके, याचा निवाडा करतो.

याने परीक्षेतील यश घटते, ही पालकांची भीती आम्ही जाणतो. पण २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत शंभरात सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२, असे आढळले.

मात्र गट केला म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. एकाने पाना धरावा, तिघांनी पाहावे आणि चौघांनी एकच वही उतरवावी, हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लाविन यांनी दोन अटी सांगितल्या: ध्येय सर्वांचे एक असावे, आणि प्रत्येकाने स्वतः काय शिकले ते वेगळे तपासले जावे. मागावरही धागे अनेक असतात; पण एक तुटला तरी कापडात दिसतो.

आणखी एक. हार्वर्डमधील २०१९ च्या एका अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवून व चर्चा करून शिकणारे विद्यार्थी अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. चांगले व्याख्यान ऐकून सर्व समजल्याचा भास होतो! आमच्या या भाषणाचे समाधानही आपण बेताबेतानेच घ्यावे.

म्हणून आमची विनंती एवढीच: निकालाच्या दिवशी मुलाला गुण जरूर विचारा, पण त्यासोबत विचारा, "यंदा तुझ्या हातांनी काय केलेस, आणि ते कसे चालते?" उत्तर देताना तो अडखळला, तर दोष त्याचा नव्हे, त्याचे हात बांधून ठेवणाऱ्या आपला आहे.