प्रगतिपत्रकावर ब-२, आणि वाचता येत नाही
(अहमदपूर येथे वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



गेल्या मे महिन्यात तांड्यावरची एक मुलगी आपलं प्रगतिपत्रक दाखवायला आमच्या अभ्यासवर्गावर आली. चौथी पास, भाषेत ब-२, म्हणजे साठाच्या वर गुण. मी कौतुक केलं आणि सहज दुसरीचं पुस्तक पुढं ठेवलं. तिनं अक्षरं एकेक करून ओळखली. जोडाक्षर आलं तशी थांबली आणि माझ्याकडं बघून हसली.

शाळेला दोष देऊन मी मोकळी होणार होते. पण त्याच आठवड्यात तुमच्यासाठी तिमाही अहवाल लिहीत होते. त्यात तिची नोंद होती : वह्या दिल्या, हजेरी चांगली. तिला वाचता येतं का, हा रकानाच आमच्याकडं नव्हता. तुमच्या देणगीचा हिशेब मी पै-पैसा देत होते आणि मुलीचा देत नव्हते.

(कागदावर बंजारा समाज आपल्या राज्यात विमुक्त जातींत मोडतो, आदिवासींत नाही. किनवटच्या कोलाम पोडांवर काम करताना मात्र मला मुलांच्या अडचणी निराळ्या दिसल्या नाहीत.)

तिचं वर्ष कसं जातं ते बघा. जूनमध्ये शाळा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले आईबाप ऊसतोडीला निघतात, तीही जाते. परत येते ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर. शासनानं २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आणल्या : सुरुवातीला पायाभूत, मग दोन संकलित, भाषा, गणित आणि इंग्रजी. कल्पना चांगलीच आहे. पायाभूत चाचणीत मूल कुठं अडलंय ते कळावं आणि पुढं त्यावर काम व्हावं. पण आमची मुलं पायाभूतला वर्गात असतात आणि काम व्हायच्या वेळी उसाच्या फडात.

आता ती पाचवीला आहे. डिसेंबर २०२३ च्या निर्णयानुसार पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाली तर फेरपरीक्षा, त्यातही राहिली तर त्याच वर्गात. चौथीपर्यंत कुणी थांबवलं नाही, आणि पाचवीत सगळ्याचा जाब एकट्या तिलाच द्यावा लागणार. तांड्यावर पाचवीत बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्नाचं बोलणं सुरू होतं.

गुरुजींनाही मी ओळखते. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि दिवसभर मोबाईलवर माहिती भरणं. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जातात तेव्हाही बराच वेळ सूचनांतच जातो, असं त्यांच्यापैकीच काहींनी मला सांगितलं. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला पन्नास तास स्वतः शिकावं असं म्हटलंय. ते तास कशावर खर्च व्हावेत? माझं उत्तर सोपं आहे : घरी ‘याडी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आई’ हा शब्द कसा वाचायला शिकवावा, यावर. एका बाईंनी गोरबोलीतले शब्द फळ्यावर लिहून शेजारी मराठी शब्द लिहायला सुरुवात केली. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. तांड्यावरच्या आजीकडून त्या शिकल्या.

गुणांवर सगळं टांगलं की काय होतं, हे जुनंच दुखणं आहे. इंग्रज सरकार निकाल पाहून शाळांना अनुदान देत असे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं सांगितलं की गरीब, अडाणी समाजात ही पद्धत उपयोगाची नाही. तिच्यावर शिक्षकाचं पोट भरणार नाही आणि अशी शाळा चालवायला कोणी पुढं येणार नाही.

म्हणून मला शिक्षा नको, भेट हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये ती आहेच : प्रत्येक मूल किती शिकलं ते बघायचं, गरज असेल तर जादा शिकवायचं आणि पालकांना बोलावून सांगायचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, हेही कायद्यातच आहे. आमच्या तांड्यावरची एक आई समितीची सदस्य आहे. सभेला किती वेळा गेलात, असं विचारलं तर म्हणाली, ‘सही घ्यायला घरी येतात.’

ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा सभेला गेली. मी बाहेर ओट्यावर बसले होते. तिनं एकच विचारलं, माझ्या पोरीचा पेपर दाखवा. मुख्याध्यापक आधी चिडले, मग कपाट उघडलं. पेपर सापडला. तिला वाचता येत नव्हता, म्हणून गुरुजींनी वाचून दाखवला, आणि वाचता वाचता तेच दोनदा थांबले.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर पाच मुलं अर्धा तास थांबतात. दोन दिवस गुरुजी घेतात, तीन दिवस आम्ही. ज्यांचे आईबाप दिवाळीला निघतील, त्यांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाचा अर्ज दिलाय. आमच्या अहवालात आता तिसरा रकाना आहे : मुलानं स्वतः वाचलेला परिच्छेद. या तिमाहीत तो बराचसा रिकामा दिसेल. तो तसाच छापायचा असं आम्ही ठरवलंय.

तुमच्यापैकी ज्यांना गोरबोली येते, किंवा शनिवारी सकाळी दोन तास मुलांजवळ बसता येईल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.