रानाची मोजणी आणि बांधाची नोंद
(जिल्हा मेळावा, कोल्हापूर येथील भाषण)



आणेवारी कशी लागते हे तुम्हाला सांगायला नको. ज्वारी शेतात वाळलेली असते आणि कागदावर पिकलेली असते. जंगलातही तेच होते. राजस्थानात सरिस्का येथे वाघ कागदावर जिवंत होते. २००५ साली उघड झाले, तिथे एकही उरलेला नाही. मोजदाद खोटी निघाली की वाघही मरतो आणि शेतकरीही मरतो.

त्यानंतर पद्धत बदलली. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर गणना होते. वनरक्षक ठरलेल्या वाटेने चालतात. ठसे, विष्ठा, झाडोरा, माणसांचा वावर टिपतात. मग आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. २०१८ साली चांदोलीत वाघ दिसला तो अशाच कॅमेऱ्यात.

आमच्या जिल्ह्यात राधानगरीचे अभयारण्य आहे, ३५१ चौरस किलोमीटरचे, गव्यांचे. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. जंगल नको असे आम्ही म्हणत नाही. भोगावतीचे पाणी त्याच रानातून येते. पण रात्री गवा उसात, भातात उतरतो, तो कोणत्या रजिस्टरात धरायचा? इतरत्र ज्वारीत, कपाशीत रानडुक्कर आणि रोही शिरतात, दुखणे एकच.

आत गवत संपले, पाणवठा आटला, की जनावर बाहेर येते. आत सारे ठीक असूनही पिकाच्या गोडीने येते. खरे कारण कोणते, हे दोन्हीकडची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. जंगल धड आहे का, याचे अर्धे उत्तर आपल्या बांधावर आहे.

म्हणून गावोगाव एक वही घाला. तारीख, वेळ, जनावर कोणते, किती, कोणत्या बाजूने आले, पीक कोणते, किती गुंठे गेले. पंचनामा लगेच मागा, अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि वनखात्याकडे आमची मागणी एवढीच: बांधावरची ही नोंद जंगलाच्या अहवालात धरा, आणि तो अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा.

माळ्यावर बसून रात्र आम्ही जागायची आणि आकडा दुसऱ्याने लिहायचा, हे पुरे झाले. पुढच्या मेळाव्याला येताना वही घेऊन या.