गावाचे मोजमाप गावाच्या हाती

आदरणीय अध्यक्ष महोदय, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक आणि बंधुभगिनींनो,

गावपातळीवर शाश्वत विकासाची प्रगती मोजायची कशी, या एका प्रश्नावर विचार करण्यासाठी आपण सारे जमलो आहोत. स्वागत समितीच्या आणि दोन्ही तालुक्यांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मोरगावच्या मयूरेश्वराची, मोरोपंतांच्या बारामतीची आणि मालोजीराजांच्या गढीची ही भूमी. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी या दोन्ही तालुक्यांतून जाते, बेलवाडीला रिंगण होते आणि वाटेवरचे प्रत्येक घर वारकऱ्यांसाठी चूल पेटवते. त्याच आपलेपणाने आज आपले स्वागत आहे.

आजचा विषय या मातीला नवा नाही. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि दुष्काळाने गांजलेल्या रानात पाणी आले. ऊस आला, गूळ आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले. पण भारी काळ्या जमिनीत निचरा नव्हता. पाणी मुरत राहिले, क्षार वर आले आणि चांगली राने चोपण झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास 1910 साली प्रसिद्ध केला. उसाच्या टनांचा हिशेब सगळेच ठेवत होते. त्यांनी त्याच उसाखालच्या मातीचा हिशेब मांडला. यंदा किती पिकले हे एक मोजमाप आणि नातवाच्या वाट्याला काय उरणार हे दुसरे. शाश्वत विकासाला ही दोन्ही मोजमापे शेजारीशेजारी ठेवून वाचावी लागतात, हे आपल्या रानाने आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवले आहे.

2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टे ठरवली. आपल्या देशात पंचायती राज मंत्रालयाने ती गावाच्या भाषेत आणण्यासाठी नऊ संकल्पना निश्चित केल्या. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव अशी ही यादी सुशासन आणि महिलास्नेही गावापर्यंत जाते. त्यावर बेतलेला पंचायत प्रगती निर्देशांक एप्रिल 2025 मध्ये प्रथमच जाहीर झाला. 2022-23 ची माहिती धरून दोन लाख सोळा हजारांवर ग्रामपंचायतींचे गुणांकन झाले. सर्वोच्च श्रेणीत देशातली एकही पंचायत बसली नाही. त्याखालच्या श्रेणीत फक्त 699 बसल्या. या निकालाने खचून जाण्याचे कारण नाही. पहिल्यांदाच एवढ्या गावांसमोर आरसा आला आहे.

पण त्या आरशात पाहतो कोण, हा आज माझा कळकळीचा प्रश्न आहे. माहिती पंचायतीच्या संगणकावर भरली जाते, वर जाते आणि गुण होऊन परत येते. ज्या वस्तीची ती माहिती आहे, तिथल्या माणसाच्या कानावर ती येते का? ग्रामसभेत तिचे वाचन होते का? होत नसेल, तर ते मोजमाप सरकारचे झाले, गावाचे झाले नाही.

दुसरा धोका सरासरीचा. बारामती तालुका म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कालव्याचा हिरवा पट्टा येतो. पण याच तालुक्यात सुपे-मोरगावचा जिरायती भाग आहे. इंदापुरात एकीकडे कालव्याच्या शेपटाकडची गावे पाळीची वाट पाहतात, तर दुसरीकडे उजनीच्या फुगवट्याकाठी पाणी डोळ्यांना भरपूर दिसते, पण पुण्याकडून भीमेत आलेल्या सांडपाण्याची काळजी तिथल्या माणसाला आहे. सुप्याला पाणी किती हे विचारावे लागेल. भिगवणला पाणी कसे आहे हे विचारावे लागेल. तालुक्याची सरासरी काढली की दोघांचेही दुखणे झाकले जाते. गावातही तेच होते. नळजोडणीच्या रकान्यात ‘होय’ लिहिले जाते. टाकीपासून सर्वांत लांबच्या वस्तीवर उन्हाळ्यात माणशी 55 लिटर पाणी पोहोचते का, हे त्या रकान्यात दिसत नाही. म्हणून मोजणी शेवटच्या नळावरून सुरू करावी, असे मी सुचवतो.

आणि मित्रहो, गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बीडकडून, नगरकडून आलेली ही कुटुंबे पाच-सहा महिने आपल्यात राहतात. त्यांचे लेकरू आपल्या अंगणवाडीच्या वजनकाट्यावर चढते का? त्याला लस मिळते का? ते आपल्या शाळेच्या पटावर आहे का? ज्यांच्या घामावर आपले कारखाने चालतात, त्यांची मुले मोजल्याशिवाय कोणत्याही गावाने स्वतःला बालस्नेही म्हणवून घेऊ नये.

हे सारे जमण्याजोगे आहे, याचा दाखला आपल्याकडेच आहे. अटल भूजल योजनेत पुणे जिल्ह्यातून बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे तालुके घेतले गेले. गावाने पर्जन्यमापकाची नोंद ठेवायची, विहिरीत टेप सोडून काठापासून पाणी किती खोल आहे ते लिहायचे, पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना व माणसांना किती लागणार याचा ताळेबंद मांडायचा, ही त्या योजनेची रीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हीच शिस्त अंगी बाणवली. तिथे पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडतात आणि मग पिके ठरतात. आकडा निर्णयापर्यंत पोहोचला, की त्याला मोल येते.

म्हणून या परिषदेकडून माझी एकच अपेक्षा आहे. प्रत्येक पंचायतीने आपल्या गावाला लागू पडणारे पाचच आकडे निवडावेत. मे महिन्यातली विहिरीची पातळी, शेवटच्या नळाचे पाणी, कमी वजनाची बालके, मातीतला क्षार, कोप्यांवरची शाळेबाहेरची मुले, असे कोणतेही. ते पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, महिला सभेत आणि ग्रामसभेत वाचावेत आणि त्यावरून आराखड्यातला निधी ठरवावा. आकडा वाईट निघाला तर लपवू नये, आणि वाईट आकडा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या सेविकेला कोणी दटावू नये. खऱ्या आकड्याची पाठराखण करणे हे सरपंचाचे पहिले कर्तव्य आहे.

या परिषदेसाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांचे आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बचत गटांच्या भगिनींचे मी ऋण मानतो. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे. चर्चा मोकळेपणाने व्हावी आणि येत्या ग्रामसभेत आपापल्या गावाचे पाच आकडे वाचले जावेत, एवढी विनंती करून मी पुन्हा एकदा आपणा सर्वांचे स्वागत करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.