डभोईची छोटी रेल्वे


रेल्वे आली, की शेतमालाला दूरचा बाजार मिळतो.

बडोदा संस्थानात हे फार लवकर घडले.
1862 मध्ये खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग घातला.

रूळ हलके होते.
त्यामुळे डबे ओढायला चक्क बैल जुंपले!
पुढे भक्कम रूळ आले,
वाफेची इंजिने आली.

डभोईकडचा कापूस मियागामला उतरे.
तिथून मोठ्या रेल्वेने तो मुंबईच्या वाटेला लागे.

सयाजीराव महाराजांच्या काळात हे जाळे आणखी पसरले.
डभोई मोठे जंक्शन झाले.

विकसनशील देशांत आजही या मार्गाचा धडा लागू पडतो:
मार्ग शेतापासून बाजारापर्यंत सलग हवा.
पुन्हा सांगायचे, तर सलग हवा.
मधला तुकडा राहिला, तर केलेला खर्च अडकून पडतो.

मियागामला मुंबईची रेल्वे होती,
म्हणूनच डभोईचा मार्ग उपयोगी ठरला.