अपघातानंतरचा धावपटू



१९८४ सालच्या उन्हाळ्यात लिस्बन शहरातील एका रहदारीच्या रस्त्यावर सदतीस वर्षांचा एक गृहस्थ सरावासाठी धावत होता. एका मोटारीने त्याला धडक दिली. तो उडून तिच्या पुढच्या झाकणावर पडला, काचेवर आदळला आणि तेथून खाली रस्त्यावर फेकला गेला. हा गृहस्थ म्हणजे पोर्तुगालचा धावपटू कार्लोस लोपेस. लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक मॅरॅथॉनला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. रुग्णालयात त्याची तपासणी झाली. खरचटणे आणि मुका मार यांपलीकडे विशेष इजा नाही, हाड मोडलेले नाही, असे आढळून आले. १२ ऑगस्ट रोजी, संध्याकाळच्या उकाड्यात, अंतर संपण्यास सुमारे पाच किलोमीटर उरले असता लोपेसने सर्वांना मागे टाकले आणि २ तास ९ मिनिटे २१ सेकंदांत शर्यत जिंकली. पोर्तुगालचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमधील त्याचा तो उच्चांक पुढे २००८ सालापर्यंत अबाधित राहिला.

ही कथा क्रीडाशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्या आवडीने सांगतात. सांगावी अशीच ती आहे. परंतु पायाला प्लास्टर घालून पडलेल्या धावपटूच्या उशाशी बसून ती सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोपेसच्या जिद्दीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९७६ साली माँट्रिऑल येथे दहा हजार मीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवल्यानंतर दुखापतींनी त्याची कित्येक वर्षे वाया घालवली होती, आणि तरीही तो उभा राहिला होता. पण त्या दिवशी लिस्बनच्या रस्त्यावर त्याला वाचवले ते जिद्दीने नव्हे. मोटारीचा वेग, तिने गाठलेला कोन, पडताना शरीराने घेतलेले वळण, असल्या गोष्टींनी. जिद्दीचा प्रश्न हाड शाबूत आहे की नाही हे ठरल्यानंतर सुरू होतो.

मोटारीची धडक बसते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. उभ्या माणसाला मोटारीचा पुढचा दांडा साधारणतः गुडघ्याच्या किंवा नडगीच्या पातळीवर लागतो. पाय खालून निसटतात, धड मोटारीवर कोसळते, डोके बहुधा काचेवर आपटते. मग वाहन थांबते, पण माणूस थांबत नाही. तो पुढे जमिनीवर पडतो. अशा रीतीने एकाच अपघातात तीन आघात होतात. त्यांचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. ताशी साठ किलोमीटर वेगाच्या मोटारीत ताशी तीस किलोमीटर वेगाच्या मोटारीच्या चौपट ऊर्जा असते, दुप्पट नव्हे.

आपल्या देशात धावणारा मनुष्य बहुधा रस्त्यावरच धावतो. मैदाने थोडी, असलेली कुलूपबंद, आणि पदपथ असला तरी त्यावर दुकाने मांडलेली. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती. वयाच्या शंभराव्या वर्षी, २०११ साली, टोरँटो येथे मॅरॅथॉनचे संपूर्ण अंतर धावून जाणारे फौजासिंग १४ जुलै २०२५ रोजी पंजाबमधील आपल्या ब्यास पिंड या गावाजवळ वाहनाची धडक बसून निवर्तले. त्यांचे वय ११४ वर्षांचे होते. दोन महायुद्धे, फाळणी, पत्नी आणि मुलाचा मृत्यू, एवढे सर्व सोसून ऐंशी वर्षांच्या पुढे धावायला लागलेला हा माणूस. त्याला बरे होण्याची संधीच मिळाली नाही.

संधी मिळते त्यांच्याविषयी आता बोलू. रस्त्यावर पडलेल्या माणसाला चौघांनी हातापायांना धरून उचलावे आणि रिक्षात कोंबावे, ही आपल्याकडची रीत सद्भावनेची असली तरी घातक आहे. मणक्याला इजा झाली असेल तर अशा उचलण्यानेच मज्जारज्जू कायमचा दुखावू शकतो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, फळीसारख्या सपाट आधारावरच त्याला हलवले पाहिजे. मदत करणारा पोलिसांच्या ससेमिऱ्याला भितो, हेही खरे. मात्र मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मदतनीसाला संरक्षण दिलेले आहे, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. क्रीडामंडळांनी आपल्या सभासदांना निदान एवढे तरी शिकवावे.

नडगीचे हाड मोडलेला धावपटू रुग्णालयात पडला म्हणजे त्याला भेटावयास येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : पुन्हा कधी धावणार? आईवडील डॉक्टरांना विचारतात, शिक्षक आईवडिलांना विचारतात, आणि रात्री दिवे मालवल्यावर तो स्वतःला विचारत राहतो. या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण शरीराचे पंचांग एक नाही. हृदयाचे व फुप्फुसांचे एक आहे आणि हाडांचे दुसरे. दोन्हींच्या तिथी जुळत नाहीत.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहण्यास सांगण्यात आले. त्यानंतर त्यांचे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे मोजमाप घेतले, तेव्हा ही क्षमता सरासरीने पाव हिश्शाहूनही अधिक घटल्याचे दिसून आले. तीस वर्षांनी, पन्नाशीला पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी हानी केली होती, तीपेक्षा तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी केलेली हानी जास्त होती! बिछान्यावरचा धावपटू जेव्हा म्हणतो, “मी म्हातारा झाल्यासारखा वाटतो,” तेव्हा ते त्याच्या मनाचे खेळ नव्हेत. परंतु या प्रयोगाचा दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. अंथरुणातून उठल्यावर त्या तरुणांना पद्धतशीर व्यायाम देण्यात आला, आणि सुमारे दोन महिन्यांत त्यांची गेलेली क्षमता परत आली. हृदय लवकर रुसते आणि लवकर समजूतही मानते.

हाडाचा स्वभाव अगदी निराळा. ते मोडल्याबरोबर तेथे रक्त साकळते. त्या गुठळीत हळूहळू मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. काही आठवड्यांनी त्यात चुना भरून तो कठीण होतो. नडगीचे मधले हाड सांधण्यास चार ते सहा महिने लागणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ओबडधोबड सांध्याला मूळचा आकार देण्याचे काम तर त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे आतल्या आत चालू असते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ सालीच सांगून ठेवले होते की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. म्हणजे भार अजिबात नको असे नाही. तो हवा, पण बेताने हवा, आणि तो केव्हा किती द्यावयाचा हे ठरवण्यातच उपचाराचे सारे कौशल्य आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे घाई का नको ते कळेल.

धोका नेमका या दोन पंचांगांच्या मधल्या काळात असतो. पोहून, हातांनी फिरवावयाचे पेडल चालवून, छातीइतक्या पाण्यात धावण्याच्या हालचाली करून धावपटू आपला दम परत मिळवतो. छातीभर पाण्यात वजनाचा फारच थोडा अंश पायांवर येतो, म्हणून हा व्यायाम अशा वेळी उत्तम. तीन महिन्यांत त्याला जिना चढताना धाप लागेनाशी होते. चेहऱ्यावर तेज येते. घरचे म्हणतात, आता काय, बरा झाला! आणि त्यालाही तसेच वाटू लागते, कारण आपण बरे आहोत हे आपल्याला श्वासावरून कळते. हाडाला बोलता येत नाही. पहाटे कोणाला न सांगता तो बूट चढवून बाहेर पडतो. पुष्कळांचा पाय दुसऱ्यांदा मोडतो तो अशा पहाटे. या काळात धावपटूला धीर देणाऱ्यांपेक्षा त्याचे बूट लपवून ठेवणाऱ्याचे उपकार अधिक.

येथे जाता जाता हाड बसविणाऱ्यांविषयी एक शब्द. भारतभर त्यांची परंपरा आहे; आंध्र प्रदेशातील पुत्तूर गाव तर त्यासाठी फार प्रसिद्ध आहे. अशा वैदूंची हेटाळणी करणे मला पसंत नाही. रुग्णालय चाळीस मैल दूर असताना गरिबाने दुसरे काय करावे? मात्र घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली बोटे काळीनिळी पडू लागली, बधिर झाली, तर बांधणाऱ्याच्या कीर्तीकडे न पाहता त्या कामट्या तत्काळ सोडवाव्यात आणि रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा तुटला तर केवळ शर्यतच नव्हे, पायही गमवावा लागतो.

आणखी एक गोष्ट क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. ज्याला धडक बसली आहे त्याला मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज पूर्वीसारखा ऐकू येत नाही. खांदे आपोआप आखडतात, पाऊल कडेला सरकते, श्वासाची लय बिघडते. याला भित्रेपणा म्हणणारा शिक्षक आपल्या कामास नालायक समजावा. आधी मैदानावर, मग वाहनांच्या समोरून येण्याच्या बाजूने, मग कोणाच्या सोबतीने, अशा पायऱ्यांनी ते भय ओसरते. काहींचे पूर्णपणे ओसरत नाही, आणि ते रस्ता कायमचा सोडून मैदानातच धावतात. त्यात कमीपणा कसला?

बरे होणे म्हणजे पूर्वी होतो तसेच होणे, ही समजूत बेट्टी रॉबिन्सन हिच्या चरित्राने पार खोडून काढली आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे, स्त्रियांसाठी प्रथमच ठेवलेली शंभर मीटरची ऑलिंपिक शर्यत या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलीने जिंकली. १९३१ साली ती लहानशा विमानाच्या अपघातात सापडली. तिचा अपघात मोटारीचा नव्हे, पण मोडलेल्या पायाला त्याचे काय? कित्येक आठवडे ती बेशुद्ध होती आणि पुढे पुन्हा चालायला शिकण्यात बराच काळ गेला. पाय सांधला, परंतु गुडघा पूर्ण वाकेना. त्यामुळे शंभर मीटरसाठी खाली वाकून सुरुवात करणे तिला अशक्य झाले. तिने काय करावे? जिथे उभ्याने सुरुवात करता येते अशी जागा तिने शोधली. ती जागा म्हणजे चौघींच्या सांघिक शर्यतीतील मधला टप्पा. १९३६ साली बर्लिन येथे अमेरिकेच्या ज्या संघाने सुवर्णपदक मिळवले, त्यात बेट्टी रॉबिन्सन होती. आघाडीवर असलेल्या जर्मन संघाच्या हातून दांडी पडली, हे खरे. पण दांडी पडली तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी संघाने तिथे पोहोचलेले असावे लागते.

शेवटी मी अशा धावपटूकडे येतो, जो पुन्हा कधीच चालला नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून मॅरॅथॉन जिंकला, आणि १९६४ साली टोकियोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे होतात न होतात तोच, ती पुन्हा जिंकला. १९६९ च्या मार्चमध्ये आदिस अबाबाबाहेर त्याची स्वतःची फोक्सवॅगन मोटार उलटली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याला नेण्यात आले. हात परत आले. पाय आले नाहीत.

स्टोक मँडेव्हिलचे नाव प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असले पाहिजे. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली तेथे मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, तेव्हा असे रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या दोषांनी लवकरच मरतात असाच सर्वत्र समज होता. गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला, आणि माणसे जगू लागली. मग जगलेल्या माणसांनी करायचे काय, हा प्रश्न आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजचे पॅरालिंपिक त्यातूनच वाढले. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेही याच परंपरेत.

१९७० साली बिकिला स्टोक मँडेव्हिलच्या मैदानावर धनुष्य घेऊन उतरला. त्याचा नेम काही असामान्य नव्हता. पुढच्या वर्षी नॉर्वेमध्ये, ज्या बर्फाशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता त्या बर्फावर, बसून चालवावयाच्या घसरगाडीच्या पंचवीस किलोमीटरच्या शर्यतीत तो पहिला आला. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला तो खुर्चीत बसून सन्माननीय पाहुणा म्हणून उपस्थित होता. मॅरॅथॉन जिंकलेल्या फ्रँक शॉर्टरने तेथे जाऊन त्याच्याशी हस्तांदोलन केले. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला.

आपल्यापैकी काही शिक्षकांनी प्रश्न लिहून पाठवले आहेत. पहिली चिठ्ठी प्लास्टर काढल्यानंतरच्या आहाराविषयी आहे. तिच्यापासून सुरुवात करू.